गुडघ्याखाली चार बोटं

ही गोष्ट पुंडलिकराव काकाजींनी सांगितली ती १९८८ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री, मध्य प्रदेशातल्या रामाकोन्याला, मामांच्या अंगणात. साडेनऊ झाले असतील. लाईट गेलेली होती आणि पाऊस येतो येतो म्हणून येत नव्हता.

काकाजी मामांचे शेजारी. नगरपालिकेत सत्तावीस वर्षं बाबू होते, रिटायर झाल्यावर इकडे शेतावर राहायला आले. माणूस मोठा बोलका. पण आभाळ भरून आलं की गप्प होतात, असं मामी म्हणायच्या. त्या दिवशीही जेवायला बोलावलं तर दोन घास खाऊन उठले आणि बाजेवर येऊन बसले.

"काकाजी, भुताची सांगा," वसंत म्हणाला. वसंत माझा मामेभाऊ, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. "पण खरी पाहिजे. मागच्या वेळची ते चिंचेखालची बाई निव्वळ फेकमफाक होती."

"तुले खरीच काहून पाहिजे?"

"खोटीले सुमन भिते. खरीले मी बी भीन."

सुमन त्याची धाकटी बहीण. तिनं त्याला चापट मारली. मी कंदिलाजवळ सरकले. मला दोन्हींची भीती वाटते, पण ते तिथं कोणाला सांगायचं नव्हतं.

काकाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. चावलं नाही, गालात धरून ठेवलं.

"सांगतो," ते म्हणाले. "पण गावाचं नाव घेणार नाही मी. सौसर समजा, पांढुर्णा समजा, नाहीतर तिसरंच समजा. माणसं जित्ती हायेत अजून."

त्यांच्या नगरपालिकेत देवीदास नावाचा एक मुकादम होता. नाल्या साफ करणाऱ्या माणसांवर देखरेख ठेवणारा. वय पस्तीसच्या आसपास. कोणाचं घेणं नाही, देणं नाही. बायको उर्मिला, आणि इंदू नावाची सहा वर्षांची मुलगी.

देवीदास राहायचा वरच्या गल्लीत. तिथली नाली कच्ची, उतार नसलेली. पावसाळ्याचे चार महिने काळं पाणी अंगणात तुंबायचं. विहीर त्याच अंगणात. त्या वर्षी इंदूला दोनदा कावीळ झाली. दुसऱ्या वेळी तर पोरगी उचलून नागपूरला न्यावी लागली. डॉक्टर म्हणाला, आता तिसऱ्यांदा आणू नका, एक तर पाणी बदला, नाहीतर घर बदला.

"अन् घर काही बदलता येत नव्हतं," काकाजी म्हणाले. "मुकादमाचा पगार तो."

वरच्या गल्लीच्या खाली, नाल्याच्या काठाला, खालची गल्ली. एकोणीस-वीस घरं. शेतमजुरांची, बहुतेक बौद्धांची. तिथून नाला एका लहान पुलियाखालून पुढे जायचा. वर संत्र्याची मंडी. पेट्या भरताना सांडलेलं तणस उन्हाळाभर नालीत पडून राहायचं आणि पावसाळ्यात वाहत येऊन नेमकं त्या पुलियाच्या तोंडाशी अडकायचं. दरवर्षी खालच्या गल्लीचे लोक नगरपालिकेत अर्ज द्यायचे. दरवर्षी अर्ज घेतला जायचा.

"कोण घ्यायचं अर्ज?" सुमननं विचारलं.

"मीच घेत होतो ना. शिक्का मारून द्यायचो."

१९८६ साली, चौदा ऑगस्टच्या रात्री, गुरुवारी, वरून पाणी आलं आणि पुलिया पूर्ण बुजली. खालची गल्ली दोन तासांत भरली. लोक पोरंबाळं डोक्यावर घेऊन प्राथमिक शाळेत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शाळेत पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं. व्हरांड्यात ओल्या गोधड्या वाळत घातलेल्या, आणि मैदानात पोरं 'जन गण मन' म्हणतायत. बुंदी वाटली. पूरवाल्यांच्या पोरांना दोन दोन मुठी.

एक म्हातारी गेली होती. शनिवारी गाळ उपसताना सापडली. "कागदावर नाव नव्हतं आलं अजून," काकाजी म्हणाले. "'एक वृद्धा' इतकंच."

शनिवारीच देवीदास रेघा ओढायला गेला. या रेघांची एक पद्धत होती, ती काकाजींनी आम्हाला भिंतीला हात लावून दाखवली. पाणी ओसरलं की मुकादमानं घरोघर जायचं. घरच्या माणसानं भिंतीला तळहात लावायचा, पाणी कुठवर होतं ते दाखवायचं. त्या तळहाताखाली मुकादमानं गेरूची रेघ ओढायची आणि रजिस्टरवर घरवाल्याचा अंगठा घ्यायचा. आकडा लिहायचा नाही. आकडा छिंदवाड्याहून साहेब येऊन, टेप लावून, स्वतः लिहिणार. हात दाखवल्याशिवाय रेघ नाही, असा कायदाच होता म्हणा.

देवीदासनं सगळ्या रेघा बरोबर ओढल्या. बहुतेक घरांना छातीपर्यंत. पुलियाजवळच्या शेवटच्या घराला कुलूप होतं, हात दाखवायला माणूस नव्हतं. तिथं त्यानं रेघ ओढली नाही. रजिस्टरवर 'घर बंद' लिहिलं.

मग रविवार-सोमवारी खालच्या गल्लीतल्या बाया शाळेतून यायला लागल्या. पोळा पंधरवड्यावर आलेला. त्यांनी आपापल्या घरातला गाळ काढला आणि भिंती पांढऱ्या मातीनं सारवून घेतल्या. पुराचा डाग त्याखाली गेला. पण ती गेरूची रेघ मात्र कोणीच सारवली नाही. सरकारी रेघ आहे म्हणून तिच्या वरून, खालून, हातानं जपून जपून सारवलं. आता पांढऱ्या भिंतीवर पाण्याची साक्ष द्यायला फक्त ती रेघ उरली.

काकाजी थांबले.

"त्यांनी घर साफ केलं, इतकीच त्यांची चूक," ते म्हणाले. "नसतं केलं तर पुढचं काहीच झालं नसतं."

शुक्रवारी, बावीस ऑगस्टला संध्याकाळी, वरच्या गल्लीचे मेंबर वामनराव देवीदासच्या घरी आले. राखी होऊन तीन दिवस झाले होते, इंदूच्या हातात अजून राखीचा गोंडा होता, कारण तिला भाऊ नव्हता आणि तिनं स्वतःलाच बांधून घेतली होती.

"साहेब सक्काळी येऊन राहिले," वामनराव म्हणाले. "या वर्षी एकच पक्की नाली मंजूर होणार हाय. जिथं रेघ उंच, तिथं नाली."

"मग खालच्या गल्लीत होईन," देवीदास म्हणाला. "त्यांची छातीवर हाय. आपली गुडघ्यावर."

"हाव. अन् तुही इंदू?"

देवीदासनं इंदूच्या हातातल्या गोंड्याकडे पाहिलं.

"पावसानं रेघा पुसट झाल्या असतीन," वामनराव म्हणाले. "मुकादम जाऊन पुन्हा ओढते, यात काही गुन्हा नाही. फक्त ओढताना गुडघ्याखाली ओढ. चार बोटं खाली. जास्त नको, नाहीतर खोटं वाटते. लोक तर शाळेतच झोपून राहिले, गल्लीत कुत्रं बी नाही."

"काकाजी, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मी विचारलं.

"देवीदासनं सांगितलं, दोन दिवसांनी. अन् गेरूचा डबा काढाले गोदामाची किल्ली कोणी देल्ली? म्यांच देल्ली. रात्रीचे आठ वाजले होते. गेरू कशाले पाहिजे, विचारलं नाही म्या. विचारलं असतं तर त्याले सांगा लागलं असतं."

देवीदास निघाला तेव्हा झिमझिम होती. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात गेरूचा डबा, त्यात ब्रश, खांद्यावर पांढऱ्या मातीत भिजवलेलं फडकं. गल्लीत खरंच कोणी नव्हतं. दारं नुसती ओढून घेतलेली. पांढऱ्या भिंती अंधारातही दिसत होत्या आणि त्यांवर काळ्यासारख्या दिसणाऱ्या रेघा, एका उंचीवर, घरामागून घर.

पहिल्या घराची रेघ त्यानं फडक्यानं पुसली. वर पांढरी माती फिरवली. मग खाली वाकून गुडघ्यापासून चार बोटं मोजली आणि नवी रेघ ओढली. थोडी वाकडी झाली.

दुसरं घर. तिसरं. चौथ्या घरापर्यंत रेघ सरळ येऊ लागली होती.

"कोण व्हय?"

देवीदासच्या हातून ब्रश पडला.

पाठीमागे एक म्हातारी उभी होती. ठेंगणी, त्याच्या खांद्याला लागेल एवढी. डोक्यावरून पदर. शाळेतून आली असेल, त्याला वाटलं. घर पाहायला येतात लोक, झोप लागत नाही.

"नगरपालिकेचा व्हय, आजी. मुकादम."

"जय भीम."

"राम राम."

"बरं झालं बाप्पा," म्हातारी म्हणाली. "नाली साफ कराले कधी आले नाही, रेघा ओढाले मात्र रातच्या रातीले येता. लय काम करून राहिली तुमची नगरपालिका."

देवीदासला हसू आलं. असं टोचून बोलणारी म्हातारी म्हणजे आपल्याच गावची. त्याचा जीव खाली बसला. त्यानं ब्रश उचलला, पुसला.

"रेघा पुसट झाल्या, आजी. पुन्हा ओढून राहिलो."

म्हातारीनं चौथ्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. मग तिसऱ्या. मग त्याच्याकडे.

"अन् हात कोण दाखवते? घरवाले तर शाळेत हायेत. हात दाखवल्याबिगर रेघ नाही, तुमचाच कायदा ना?" तिनं पुढे होऊन पाचव्या घराच्या भिंतीला तळहात लावला. बरोबर छातीच्या उंचीवर. "इथपावतर. शकुंतलाचं घर व्हय हे. इथपावतर होतं पाणी."

देवीदास तसाच उभा राहिला. तिच्या देखत खाली कसं वाकणार?

"आजी, तुम्ही जा. पाणी येऊन राहिलं. भिजाल."

"माह्यं काय भिजते आता."

मग त्यानं सांगून टाकलं. का सांगितलं, ते त्याला नंतरही कळलं नाही. इंदूची कावीळ सांगितली. अंगणातली विहीर सांगितली. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. एकच नाली मंजूर होणार आहे हेही सांगितलं. भिंतीला सांगावं तसं सांगत गेला. म्हातारी ऐकत होती. तळहात भिंतीवरच होता.

"किती वर्साची हाय?"

"सहा."

"बोलते का लय?"

"थांबतच नाही, आजी."

म्हातारीनं भिंतीवरचा हात काढला.

"ओढा मग खाली," ती म्हणाली. "पोरगी जगली पाहिजे. द्या तो कंदील इकडे, मी धरीन. एका हातानं काय काय करसान."

आमच्या अंगणात वसंत बाजेवर उठून बसला होता.

"ते बाई त्याले खोटं कराले मदत करून राहिली होती, पोट्टेहो," काकाजी म्हणाले. "कंदील धरून."

एकेक घर करत दोघं खाली उतरत गेले. ती प्रत्येक घराचं नाव सांगायची. हे उत्तमचं. हे मोतीरामचं, त्याची बकरी वाहून गेली. तो पुसायचा, वाकायचा, ओढायचा. ती कंदील खाली धरायची, बरोबर तेवढा, जेवढा पाहिजे. मध्येच म्हणाली, "तुमचा हात बरा हाय. वाकडी होत नाही आता." देवीदासला वाटलं, काम संपत आलं. त्याला आईची आठवण झाली म्हणे.

शेवटचं घर आलं. पुलियाच्या अंगाचं. याची भिंत सारवलेली नव्हती. दाराला कुलूप होतं.

"आता माही ओढा," म्हातारी म्हणाली. "माह्या घराची राहूनच गेली रेघ. बाकी तुम्हाले वाट्टेल तशा ओढल्या, मी काही बोलली का? माही मात्र बरोबर ओढा."

"दाखवा हात."

म्हातारीनं तळहात भिंतीला लावला.

छातीवर नाही.

खांद्यावर नाही.

हात वर गेला. ती त्याच्या खांद्याएवढी होती, आणि तिचा हात त्याच्या डोक्यावरून वर गेला. चौकटीच्या वरच्या लाकडापर्यंत. तिथं टेकला.

"इथपावतर."

देवीदासनं वर पाहिलं. मग कुलपाकडे पाहिलं.

"आजी… हे कुलूप…"

"पोरानं लावलं. हिरामणनं."

"कधी?"

"शनवारी. मले नेल्यावर."

…

पाऊस थांबला होता. पुलियाखाली पाणी कुठंतरी अडून गुळगुळ करत होतं.

"कुठं नेलं, आजी?"



कंदील तिच्याच हातात होता. त्याच्या काचेच्या आत पाण्याचा थेंब घरंगळत होता. आतून. वात चर्रर्र वाजली. एकदा. पुन्हा एकदा.

काकाजी थांबले. सुपारीचं खांड त्यांनी थुंकून टाकलं.

"भ्यालेला माणूस पळते," ते म्हणाले. "म्या त्याले विचारलं, तू काहून नाही पळाला बे? तो म्हणे, पळालो असतो तर ते भिंत तशीच राहिली असती."

"मग बरंच ना," वसंत म्हणाला.

"बरं कसं? त्या भिंतीवर पुराचा डाग होता. तिथं सारवाले कोण होतं? साहेबानं तो डाग पाहिला असता, तर एकोणीस घरांच्या रेघा एका मिनिटात खोट्या पडत होत्या. त्याले इंदू दिसून राहिली होती. इंदू…"

देवीदासनं खांद्यावरचं फडकं काढलं. भिंत वरपासून खालपर्यंत पुसली. जिथं तिचा हात टेकला होता तिथंही, हाताच्या बाजूबाजूनं. मग खाली वाकला. मोजलं.

गुडघ्याखाली चार बोटं.

रेघ ओढली.

वर मान करायची हिंमत नव्हती त्याला. तो तसाच ओणवा राहिला. चौकटीवरचा हात निघाल्याचं त्याला कळलं, कारण भिंतीवरून पाण्याचा एक ओघळ खाली आला. मग ती त्याच्या बाजूला बसली. उकिडवी. तिचा तळहात त्याला दिसला. बोटांच्या पेरांत गाळ. तो तळहात तिनं नव्या रेघेवर ठेवला. अलगद. मोजल्यासारखा.

"इथपावतर?"

तो रेघेकडेच पाहत राहिला.

"इतल्या पाण्यात कोणी मरते का, बापू?"

कंदील विझला.

एवढंच. तिनं हात लावला नाही, मागे आली नाही, ओरडली नाही. देवीदास अंधारात चाचपडत घरी आला. उर्मिलेनं विचारलं, इतका उशीर? तो म्हणाला, काम होतं. इंदूच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला गेला, आणि हात मागे घेतला.

सुमन माझ्या दंडाला धरून बसली होती. मला वाटलं, झाली गोष्ट. मी सुटल्यासारखा श्वास घेतला. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"थांब बाई. भुताची गोष्ट झाली. आता माणसांची आयक."

शनिवारी सकाळी दहाला साहेब आले. सोबत वामनराव, देवीदास, आणि रजिस्टर घेऊन पुंडलिकराव. खालच्या गल्लीचे लोक शाळेतून आधीच येऊन उभे होते. भिंती पाहून नुसता गलका उठला. आमच्या रेघा खाली आल्या! छातीवर होत्या साहेब! साहेबांनी रजिस्टर उघडलं. ते एक बंद घर सोडलं तर प्रत्येक घरासमोर अंगठा होताच.

"ये अंगूठा किसका है? तुम्हारा ही है ना?"

"माहाच व्हय साहेब, पण रेघ…"

"तो फिर?"

टेप लागली, आकडे भरले गेले. शेवटच्या घरापाशी एक तरुण माणूस उभा होता. डोकं भादरलेलं नव्हतं, पण आठ दिवसांची दाढी. हिरामण. बोरगावकडे संत्र्याच्या बगीच्यात कामाला होता, पुराच्या रात्री तिकडेच होता. त्याच्या हातात अर्ज होता. माझी आई चंद्रकलाबाई पुरात बुडून मेली, असं लिहा साहेब. इतकंच मागत होता. "लोक म्हणतात, म्हातारी अशीच गेली, पोरगं पाहाले नव्हतं म्हणून गेली," तो म्हणाला. "तसं नाही झालं साहेब. पाण्यानं मेली ते. तेवढं कागदावर पाहिजे मले."

रजिस्टरवरचं 'घर बंद' साहेबांनी पाहिलंच नाही, वाकून रेघेला टेप लावली. सरळ झाले. हिरामणकडे पाहिलं.

"इतने पानी में कोई मरता है क्या?"

देवीदास दोन हात अंतरावर उभा होता. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा… "मी सांगू नाही शकत," काकाजी म्हणाले. हिरामणनंही पाहिलं त्याच्याकडे. मुकादमसाहेब, तुम्ही सांगा ना. तुम्हीच ओढल्या होत्या गल्लीतल्या रेघा. तुम्ही पाहिलं होतं.

देवीदासचे ओठ हलले.

मागे वरच्या गल्लीच्या तोंडाशी उर्मिला इंदूला कडेवर घेऊन उभी होती. गर्दी काय आहे ते पाहायला आलेली. इंदूनं बापाला हाक मारली, "बाबा!"

देवीदास खाली पाहू लागला.

"लिखिए बड़े बाबू," साहेब म्हणाले.

कंदिलाची वात काकाजींनी उगाचच खालीवर केली. बराच वेळ.

"काय लिहिलं काकाजी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"'मृत्यु का कारण वृद्धावस्था.' सुवाच्य अक्षरात. माह्यं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणत. म्हातारी भेटल्याचं मले तवा माहीत नव्हतं. पण पाणी छातीवर होतं, ते माहीत होतं ना. मी पंधरा ऑगस्टले शाळेत बुंदी वाटली होती. बाया कुठपावतर ओल्या होत्या, ते पाह्यलं होतं."



नाली वरच्या गल्लीत झाली. पक्की, सिमेंटची. दिवाळीनंतर काम निघालं, होळीच्या आत संपलं. वामनरावांनी नारळ फोडला. नाली उतरत होती ती खालच्याच पुलियाकडे. पुलिया मात्र तेवढीच राहिली. हिरामण घराचं कुलूप न काढताच बोरगावला निघून गेला. निम्मी गल्ली पुढच्या दोन वर्षांत रिकामी झाली.

"अन् इंदू?" सुमननं विचारलं.

"धडधाकट हाय. दुसरीत गेली. परत कधी कावीळ नाही झाली तिले," काकाजी म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज सगळ्यात खाली गेला.

पुढच्या वर्षी पाणी पुन्हा आलं. "चौदा ऑगस्टलेच आलं असं सांगितलं, तर तुम्ही म्हणसान काकाजी मीठ लावून राहिले. चौदा नव्हती. सत्तावीस जुलै होती, सोमवार." रात्रभर कोसळला. खालची गल्ली भरली. वरच्या गल्लीत पहिल्यांदाच अंगण कोरडं राहिलं. पाणी नालीतून नुसतं सूं करत गेलं. लोक दारात उभे राहून पाहत होते.

पहाटे साडेपाचला उर्मिला पुंडलिकरावांच्या दारी आली. तेव्हा ते त्याच गल्लीत राहत होते.

"भाऊजी, घरी चला. हे आत येऊन नाही राहिले."

देवीदास उंबऱ्याबाहेर बसला होता. भिंतीला पाठ लावून. काकाजींना पाहून त्यानं फक्त स्वयंपाकघराकडे बोट केलं.

स्वयंपाकघरात जमीन कोरडी. चूल कोरडी. खालच्या दोन फळ्यांवरची भांडी कोरडी. सगळ्यात वर, दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडाच्या सरळ रेषेत, एक फळी होती. तिच्यावर सणावारालाच निघणारी अकरा भांडी. पितळी गुंड, परातीनं झाकलेलं पातेलं, घट्ट झाकणांचे डबे. दिवाळीपासून कोणी हात लावलेला नव्हता. उर्मिलेनं फक्त एक डबा उतरवायला हात घातला होता, पोळ्याआधी घासून ठेवावी म्हणून. तो तिच्यानं हलला नव्हता.

"मी पाटावर उभा राह्यलो," काकाजी म्हणाले. आता ते आमच्याकडे पाहत नव्हते. "पहिले गुंडच काढला. जड. लय जड. कसाबसा खाली घेतला. काठोकाठ भरला होता. गढूळ पाणी. वर तणस तरंगून राह्यलं होतं. मग डबा काढला. झाकण निघता निघेना. काढलं. तो बी भरलेला. मग पातेलं. एकेक करून अकराच्या अकरा…"

"छप्पर गळलं असन," वसंत म्हणाला. 

"म्यां बी तेच म्हटलं. म्हणून वर हात घातला. फळीवरून फिरवला. या टोकापासून त्या टोकापावतर."

काकाजींनी कंदिलाच्या उजेडात आपला उजवा हात उलटा केला, चार बोटं आमच्यासमोर धरली.

"धूळ लागली बोटांले," ते म्हणाले. "कोरडी."